वीतभर अक्षर

नगरपालिकेचा हुकूम एका पानाचा होता. प्रत्येक दुकानाच्या पाटीवर मालकाचं पूर्ण नाव हवं, अक्षर वीतभर उंच, रस्त्यापलीकडून वाचता येईल असं. कारण दिलं होतं की गिऱ्हाइकाला माहिती मिळावी. कसली माहिती, हे लिहिलं नव्हतं, पण सगळ्यांना न सांगता कळलं. नावावरून माणसाचा धर्म कळतो, आणि नवीन राज्यकर्ते आल्यापासून धर्म कळला की पुढचं सगळं ठरत होतं.

बाजारातल्या पेंटरला मात्र मान वर करायला फुरसत उरली नाही. तो आणि त्याची बायको, दोघंच कामाला. पाटीला प्रायमर लावून वाळला की दोघं खडूची दोरी दोन टोकांना ताणून धरत. तो मधे टिचकी मारी, सरळ रेघ उमटे, मग तो अक्षरं काढायला बसे. तिचं हृदय कमजोर होतं, शिडी चढायला मनाई होती, पण दोरीचं टोक तिच्याइतकं घट्ट कुणी धरत नसे.

हुकमानंतर तीन आठवड्यांनी बेकरीवाल्याची पाळी आली. सगळ्या रस्त्यात दुसऱ्या धर्माचा तो एकटाच. त्याच्या पाटीवर वीस वर्षं नुसतं ‘ताजा पाव’ लिहिलेलं होतं.

“पेंटरभाऊ, हुकूम आहे तर नाव लिहा,” तो म्हणाला. “पण अक्षर जरा बारीक काढा. एका कोपऱ्यात.”

“साहेब पट्टी घेऊन मोजायला येतात. माझं काम बंद पाडतील.”

बेकरीवाल्याने पाटी उतरवून दिली. अडली ती पेंटरची बायको. पाटी घरी अंगणात आणली तेव्हा तिने दोरी हातात घेतलीच नाही.

“अहो, हे काम परत करा.”

“का?”

“पाव घ्यायला येणारा माणूस पाव दाबून बघतो. मालकाचा बाप कोण होता, हे आजवर कुणी विचारलं?”

“हुकूम मी काढलाय का? मी नुसता रंग लावतो.”

“काढणारे तिकडे कचेरीत बसलेत. त्यांना ब्रश तरी धरता येतो का? तुमच्यासारखे नाही म्हणाले, तर तो कागद कागदच राहील.”

“मी नाही म्हटलं तर दुसरा करेल.”

“करू दे. त्याची बायको त्याला बोलेल. मी माझ्या नवऱ्याला बोलतेय.”

“फार शहाणी झालीस.”

“वीस वर्षं तुमच्याबरोबर काढली, तरी थोडी अक्कल उरलीय,” ती म्हणाली आणि आत गेली.

त्याने दोरीचं एक टोक खिळ्याला बांधलं आणि रेघ मारली. लाल अक्षर, काळी सावली. हात त्याचा चांगला होता आणि त्याला तो मुद्दाम वाईट चालवता येत नसे. पाटी लागली तेव्हा चौकातून नाव वाचता येत होतं. त्याला बरंही वाटलं. खोटं कशाला सांगावं?

दुकान कुणी फोडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. गिऱ्हाईक फक्त दोन पावलं पुढे जाऊन दुसरीकडून पाव घेऊ लागलं. पेंटरच्या घरी मात्र पावाचा ढीग पडू लागला.

“माणसं दोन आणि पाव आठ?” तो चिडून म्हणायचा.

“चहात बुडवून खा. दात पडायच्या वयाला आलात,” ती म्हणायची. एवढ्यावर विषय संपायचा.

दीड महिन्याने एका सकाळी ती चहा गाळता गाळता खाली बसली आणि उठलीच नाही.

घर माणसांनी भरलं. पेंटरने दारातून पाहिलं तर बेकरीवाला रस्त्याच्या पलीकडे, एका बंद दुकानाच्या पायरीजवळ उभा होता. तासाभराने पाहिलं तरी तिथेच. शेवटी पेंटर रस्ता ओलांडून गेला.

“आत चला ना. इथे का उभे?”

“नको, भाऊ. मला आत येताना लोक बघतील. उद्या तुम्हाला काम कोण देईल?” बेकरीवाल्याने डोळे पुसले. “वहिनी रोज यायच्या. शेवटी शेवटी त्या एकट्याच यायच्या. मी म्हणायचो, एवढे पाव कशाला? म्हणायच्या, आमच्याकडे पाहुणे आलेत.”

पेंटरच्या घरी वर्षभरात पाहुणा आला नव्हता.

त्याने बेकरीवाल्याचा हात धरून ओढला. तो आला नाही. रागाने नाही, सवयीने. दीड महिन्यात त्याला बाहेर उभं राहायची सवय झाली होती. ती सवय कुणी लावली, हे पेंटरला तेव्हा समजलं. बायको जिवंत असताना समजलं नाही, ही एकच खंत त्याच्या वाट्याला उरली. पुढच्याच महिन्यात बेकरीवाला भट्टी विझवून, बायकामुलं घेऊन गाव सोडून गेला.

मग कचेरीतला कारकून नवीन कागद घेऊन आला. आता घरांच्या दारांवरही नावं हवी होती.

“दुसरा बघा,” पेंटर म्हणाला.

“बायको गेल्यापासून डोकं फिरलंय का तुमचं?”

“डोकं तिचंच होतं, साहेब. माझे नुसते हात होते.”

कारकून हसला. दुसरा पेंटर त्याला संध्याकाळपर्यंत मिळाला. पंधरा दिवसांत सगळ्या दारांवर नावं लागली. या पेंटरच्या नकाराने एकही पाटी अडली नाही.

वाचकहो, हुकूम काढणारे थोडे असतात. तो भिंतीवर चढवायला तुमचे-माझे हात लागतात, आणि आपण म्हणतो, आम्ही नुसता रंग लावतो, नुसता शिक्का मारतो, नुसती दोन पावलं पुढे जाऊन पाव घेतो. ‘नाही’ म्हणायचं तर पहिल्या पाटीला म्हणा. तेव्हा ज्याच्यासाठी म्हणायचं तो माणूस अजून दुकानात असतो.