सातव्या खोबणीशेजारी

आज हुबळीत पौषातली कडक थंडी. गोकुळ रोडवरच्या वर्कशॉपांचे पत्रे भर दुपारीही तापले नाहीत. मी मात्र गरम पेटीला पोट लावून बसलोय, म्हणून जीभ सुटलीय.

मी पाल बोलतोय. नाव बाईचं, पण मी म्हातारा बाप्या आहे. शाळेची पायरी चढलो नाही. भिंत तेवढी चढलो. जन्म एका भिंतीवरच्या घड्याळामागं. चार वर्षांपूर्वी या ऑफिसातल्या नेटवर्कच्या पेटीमागं आलो. पेटीला ओळीनं खोबणी, खोबणींत वायरी. आईची ऊब मला ठाऊक नाही, आमच्यात आई अंडं घालून निघून जाते. पण अशीच असणार.

खाली दोन माणसं बसतात. सुधींद्रअण्णा मालक, उत्तरा प्रोग्राम लिहिते. दुपारी दोनला ती लांबच्या गिऱ्हाइकाला पडद्यावर काम दाखवते, आणि नेमकं तेव्हाच तिचं नेट तुटतं. काल गिऱ्हाईक म्हणालं, उद्या तुटलं तर काम दुसऱ्याला.

अण्णांनी नेटवर्कवर नजर ठेवणारी तीन सॉफ्टवेअरं पंधरा दिवस लावून बघितली होती. पहिलं वरातीतल्या वाजंत्र्यासारखं. कुणी फोन घेऊन जिन्यात गेलं तरी बोंब मारायचं. दुसरं रंगीत नकाशे काढायचं. अण्णा ते बघत बसले की नेट तुटलेलंही कळायचं नाही. तिसरं मुकं, कोपऱ्यात नुसतं टिपून ठेवायचं. ते टिपण कुणी उघडलंच नव्हतं.

मला त्या टिपणाचीच भीती. दोनला मी जेवून लवंडतो, शेपूट सातव्या खोबणीतल्या ढिल्या वायरीवर पडतं, आणि खालून उत्तरा ओरडते, "गेलं परत!" चार दिवसांत माझ्याही डोक्यात उजेड पडला होता.

आज निवड करायची होती.

"पहिलं घेऊ. निदान झोपू तरी देत नाही," अण्णा म्हणाले.

"त्यानं मी वेडी होईन, अण्णा. तिसरं घेऊ."

"मुक्याचा काय भरवसा गं? थांब, पालीला विचारू."

इकडं आम्हाला मान आहे. बोलताना पाल चुकचुकली की ते खरं. माणसं बोटानं टेबल वाजवून 'कृष्ण कृष्ण' म्हणतात. अण्णांनी हात जोडले.

"पहिलं?"

मी गप्प.

"दुसरं?"

इथं चुकचुकलो की घर वाचलं. तोंड उघडलंही. तेवढ्यात खाली उत्तरा गिऱ्हाइकासाठी आधीच लिहून ठेवलेलं पुटपुटली, 'माफ करा, नेट तुटलं.' मी तोंड मिटलं.

"तिसरं?"

चुक चुक चुक.

"हौदु, होय! खरं बोललं!" टेबल वाजवून अण्णांनी टिपण उघडलं. सातवी खोबण, रोज दोन वाजून पाच मिनिटं. उत्तरा स्टुलावर चढून पेटीमागं डोकावली, तर ढिल्या वायरीवर माझं शेपूट. मी घाबरून शेपूट टाकलं आणि छत गाठलं. शेपूट टेबलावर वळवळू लागलं, तसे हात जोडणारे अण्णा खुर्चीवर चढले.

उत्तरानं वायर आठव्या खोबणीत घट्ट बसवली. दोनला ती तासभर बोलली. एकदाही तुटलं नाही.

अण्णांनी मात्र शेजारच्या शिवणदुकानातल्या कृष्णाबाईंना लांब झाडू घेऊन बोलावलं. "अक्का, याला बाहेर काढा. झोपेत याचं शेपूट वायरीवर पडून नेट तुटायचं."

"अण्णा, खरं त्यानंच सांगितलं ना?" उत्तरा आडवी झाली. "सातवी खोबण रिकामी राहू दे. त्याची."

अण्णांनी डोकं खाजवलं, मग मान हलवली. कृष्णाबाईंनी झाडू खाली घेतला आणि वर माझ्याकडं बघून म्हणाल्या, "अप्पा, जागा राहिली बघ तुझी. आता नवं शेपूट फुटलं की तेवढं आखडून झोप."