तेओलामच्या हापशाने पाहिलेले

मित्रांनो, मी एक जुना हापसा आहे. तेओलाम गावाच्या वेशीवर, मोठ्या उंबराखाली मी उभा आहे. माझा निळा रंग केव्हाच उडाला. टाकीच्या एका बाजूला बंदुकीच्या गोळीने पडलेला खड्डा आहे. माझ्या ओट्यावर दोनदा माणसांचे रक्त सांडले. त्यातले एकदा तर माझ्याच दांड्याने सांडले. म्हणून ही हकिगत मीच सांगितली पाहिजे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका ओतशाळेत झाला. जहाजातून आणि ट्रकमधून धक्के खात मी इथे आलो. मला आणणारी संस्था ख्रिस्ती लोकांची होती. त्यापूर्वी इथल्या बायका ओढ्याची वाळू उकरून पाणी काढीत. त्याच पाण्याने हगवण होऊन त्यांची लेकरे मरत.

संस्थेचा माणूस ओब्वोना हा किडकिडीत आणि हसरा होता. गळ्यात दोऱ्यात ओवलेला लाकडी क्रूस आणि हातात जुनी सायकल, एवढाच त्याचा संसार दिसे. मला बसवल्यावर पहिले पाणी आले तेव्हा गाव नाचले आणि बोकड कापले. नाचणीची दारू पिऊन झाल्यावर गावचा म्हातारा मुखिया त्याला म्हणाला, "पाणी आलं. आता घरी जा बाबा, बायको वाट बघत असेल."

"बायकोला सांगून आलोय," ओब्वोना म्हणाला, "पंधरा वर्षं लागतील म्हणून."

सगळे हसले. पण तो थट्टा करीत नव्हता. लोखंड जमिनीत पुरले म्हणजे काम झाले असे त्याला वाटत नसे. गावाला हापसा उघडता आणि मिटता आला पाहिजे, मगच तो गावाचा झाला, असे तो म्हणे. त्याने गावातल्या सहा बायका निवडल्या आणि त्यांच्या हाती नट आवळायचे पाने दिले.

"बायका पाना धरणार?" पुरुष ओरडले. "मग आम्ही काय नाचणी दळायची?"

"दळा की," लान्येरो नावाची एक तरुण बाई म्हणाली. "हात काही झिजत नाहीत."

तीच लान्येरो पुढे माझी वैद्य झाली. माझे पाइप एकेक करून वर ओढावे, झिजलेला वायसर काढून नवा घालावा, साखळीला तेल द्यावे आणि दुपारच्या जेवणाआधी मला पुन्हा उभे करावे, हे सगळे ती गाणी म्हणत करी. उंबराखाली ओब्वोना रात्रशाळेऐवजी भरदुपारची शाळा भरवी आणि आयांना अक्षरे शिकवी. तिळाचे चांगले बी आले. संडास खणले गेले. लेकरे जगू लागली. मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षे होती.

मग उत्तरेकडून बंडखोर आले.

आधी नुसत्या बातम्या येत. अमुक गाव जाळले, तमुक शाळेतली मुले दोरीला बांधून नेली. सरकारी शिपाई आमच्या गावाजवळ तळ ठोकून बसले आणि माझेच पाणी पिऊ लागले. "आता भीती नाही," असे काही जण म्हणाले. लान्येरो मात्र म्हणाली, "गुळाला माशा, तसे शिपायांमागे बंडखोरही येणारच."

ती सकाळ मला अजून स्पष्ट दिसते. त्या दिवशी शिपाई कुठेतरी पाठलागावर गेले होते. माझी साखळी बदलायची होती म्हणून ओब्वोना लान्येरोजवळ उभा होता. मागे पिवळे कॅन घेऊन बायकांची आणि मुलांची रांग होती. गवतातून वीसेक माणसे उठली. बरीचशी मुलेच होती, पण त्यांच्या हातांत बंदुका होत्या. त्यांचा म्होरक्या जेमतेम पंचविशीचा आणि बोलायला गोड होता.

"आई, पाणी दे," तो लान्येरोला म्हणाला. पाणी पिऊन त्याने तोंड पुसले. "शिपाईपण हेच पितात ना?"

"तहान लागली की सगळेच पितात."

"हे दुरुस्त कोण करतं?"

"मी करतो," ओब्वोना चटकन म्हणाला.

पण पाना लान्येरोच्या हातात होता. म्होरक्याने तो पाहिला आणि हसला. "दांडा काढ," त्याने तिला सांगितले. तिने पिन काढली आणि माझा दांडा सोडवून खाली ठेवला.

"बाबांनो, हे मोडू नका," ओब्वोना म्हणाला. "तुमचीही आई कुठंतरी अशाच रांगेत उभी असेल."

म्होरक्याने माझा दांडा उचलला आणि आपल्या मुलांच्या हाती दिला. ज्याने मारायला हात आखडला त्याच्या कानाशी तो बंदूक धरी. पहिल्या घावाला ओब्वोना गुडघ्यांवर आला. दुसऱ्याने आडवा झाला. पुढे तो हलत नव्हता, तरी ते मारतच राहिले. मित्रांनो, लोखंडाला डोळे मिटता येत नाहीत. बारा वर्षे ज्या दांड्याने लेकरांना पाणी दिले, त्याच दांड्याला केस आणि रक्त चिकटले.

मग म्होरक्या रांगेकडे वळला. रांगेत पुढे अचिरो नावाची बारा वर्षांची मुलगी उभी होती. त्याने तिच्या हाती कोयता दिला.

"ज्या हातानं शिपायांना पाणी मिळतं, तो हात आम्हाला नको," तो म्हणाला. "तोड. नाहीतर तुझं डोकं."

अचिरो हुंदके देऊ लागली. कोयता तिला पेलवत नव्हता. लान्येरोने आपणहून उजवा हात माझ्या ओट्याच्या कडेवर ठेवला आणि तिच्या कानाशी वाकली. ती जे बोलली ते फक्त त्या पोरीने आणि मी ऐकले.

"माझ्याकडे बघू नकोस, अचिरो. मार. मी सांगते, मार."

पोरीने डोळे मिटून कोयता खाली आणला. तीन बोटे ओट्यावर पडली.

बंडखोरांनी नऊ मुले दोरीला बांधून नेली. त्यांत अचिरो होती आणि लामुनुही होती. लामुनु ही लान्येरोच्या भावजयीची, अबेरची एकुलती एक लेक. अबेर दोरीमागे धावत गेली, तेव्हा तिच्या दिशेने झाडलेली गोळी माझ्या टाकीला लागली.

ते गेल्यावर गावाला कळेना काय करावे. ओब्वोनाला धुवायला पाणी हवे होते. पाणी हवे तर दांडा हवा, आणि दुसरा दांडा गावात नव्हता. त्या रक्ताळलेल्या दांड्याला कोणी शिवेना. शेवटी हाताला फडके गुंडाळून पडलेली लान्येरो उठून बसली. "आणा तो," ती म्हणाली. "मी सांगते तशी पिन घाला." तिने सांगितले, बायकांनी घातली. ज्या दांड्याने त्याला मारले, त्याच दांड्याने त्याच्या शेवटच्या अंघोळीचे पाणी काढले. त्या दिवशी मी रोजच्यापेक्षा जड चालत होतो, असे बायका म्हणत.

पुढे सरकारने सगळी गावे उठवून छावणीत कोंबली. तेओलाम ओस पडले. सात वर्षे मी एकटा होतो. वायसर वाळून फुटला, साखळी गंजली, तोटीत मधमाश्यांनी पोळे केले. छावणीत माणसे तापाने आणि हगवणीने मेली, असे नंतर ऐकले. अचिरोची आई तिथेच गेली.

लढाई थांबली तेव्हा लोक एकेक घर करीत परतले. त्यांच्याआधी मात्र संस्थेचा माणूस आला. तो ओद्वार, पांढऱ्या केसांचा आणि मोठ्या पोटाचा. "आम्ही पंधरा वर्षं म्हणालो होतो," मुखियाचा मुलगा परतला तेव्हा तो त्याला म्हणाला. "छावणीतली वर्षं त्यात धरायची नाहीत."

लान्येरोने सांगायचे आणि चार तरुणांनी करायचे, अशी माझी दुरुस्ती झाली. पुन्हा रांग लागली. पण सगळे काम लान्येरोच्या तोंडून व्हायचे. उजव्या हातात पाना धरला की तो निसटे. मग ती स्वतःवरच चिडे आणि डाव्या हाताने माझ्या टाकीवर पाना आपटे.

त्याच साली अचिरो परतली. वीस वर्षांची होती, पाठीला लहान मुलगा बांधलेला. परतलेल्याचा दोष धुऊन जावा म्हणून वडीलधाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे तिला वेशीवर पायाने अंडे फोडायला लावले आणि गावात घेतले. तिच्या चुलत्याने झोपडी दिली. पण पाण्याच्या रांगेने तिला आत घेतले नाही. ती भर उन्हात, कोणी नसताना येई, कॅन भरी आणि मान खाली घालून जाई.

एका दुपारी बायका दबा धरून बसल्या. अबेर पुढे होती.

"कोयतेवाली आली गं! बोटं मोजून घ्या आपापली!"

अचिरोने माझ्या दांड्याला हात लावला मात्र, अबेरने पाण्याने भरलेला कॅन तिच्या डोक्यात घातला. मग सगळ्याच तुटून पडल्या. कोणी काठीने मारले, कोणी लाथांनी. ती मुलाला पोटाखाली घेऊन ओट्यावर पडली. तिच्या कपाळाचे रक्त पाण्याबरोबर वाहू लागले. मूल ओरडत होते.

"माझी आली नाही!" अबेर प्रत्येक लाथेला ओरडत होती. "माझी आली नाही, तू कशी आलीस? तू कशी आलीस?"

लान्येरो धावत आली आणि मध्ये पडली. एक काठी तिलाही लागली.

"थांबा! 'मार' म्हणून तिला त्या दिवशी मीच सांगितलं होतं."

काठ्या थांबल्या.

"काय म्हणालीस?"

"मी हात पुढं केला. मी म्हणाले, मार. नाहीतर तिचं डोकं गेलं असतं." लान्येरोला धाप लागली होती. "आठ वर्षं बोलले नाही. लाज वाटायची. ओब्वोनाला मी नाही वाचवू शकले, हिला वाचवलं, आणि तेही असं."

"म्हणजे तू हिला माफ केलंस?" अबेरने विचारले.

"कुठं माफ केलं? हिला बघितलं की नसलेली बोटंसुद्धा दुखतात. पण पाणी काय माझ्या बापाचं आहे?" मग ती खाली पडलेल्या अचिरोकडे वळली. तिचा आवाज कठोर होता. "आणि तू. माझी बोटं नेलीस ना? मग उद्यापासून तुझी बोटं मला दे. सकाळी ये. पाना धरायला शिकवते."

दुसऱ्या सकाळी कपाळाला पट्टी बांधून अचिरो आली. लान्येरो तिच्यावर सारखी खेकसे. "उलटा फिरवतेस काय! हापसा आहे, गाय नव्हे, पिळू नकोस!" वर्षभर त्या दोघी कामाशिवाय एक शब्द बोलल्या नाहीत. मग एकदा लान्येरोने तिच्या मुलासाठी तिळाचा लाडू आणला आणि न बोलता ओट्यावर ठेवला.

अबेर आणि आणखी काही बायका मात्र ओढ्यावरूनच पाणी आणीत. अचिरोचा हात लागलेला हापसा त्यांना नको होता.

तिसऱ्या उन्हाळ्यात ओढा आटला. त्याच आठवड्यात माझा आतला दट्ट्या तुटला आणि लान्येरो तापाने अंथरुणावर होती. अबेर अचिरोच्या झोपडीपुढे जाऊन उभी राहिली. रामराम नाही, काही नाही.

"हापसा बंद पडलाय."

अचिरोने पाने उचलले. पाइप ओढायला दुसरे माणूस लागते, आणि तिथे अबेरखेरीज कोणी नव्हते. दोघींनी मिळून एकेक पाइप वर काढला. चौथ्या पाइपाला अबेरचे हात थांबले.

"लामुनु तुझ्याबरोबर होती?"

अचिरोने पाना खाली ठेवला. "होती, मामी. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत."

"मग?"

"नदी ओलांडत होतो. मागून गोळ्या येत होत्या. तिनं माझा हात धरला होता. पाण्याला फार ओढ होती. सुटला."

"सापडली?"

"तीन दिवसांनी, खालच्या अंगाला. मी आणि आणखी एका पोरीनं खड्डा खणला. क्रूस करायला काठ्या होत्या, बांधायला काही नव्हतं. मी माझ्या झग्याची कड फाडली."

"आल्यावर मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही, मामी. तुम्ही मारलंत."

अबेर ओट्यावर बसली. रडण्याचा आवाज असा आला नाही, फक्त तिचे खांदे हलत होते. अचिरो तिच्यापासून हातभर अंतरावर बसून राहिली. मग अबेर उठली आणि पाचव्या पाइपाला हात घातला. ऊन उतरेपर्यंत त्यांनी मला जोडले. अबेरनेच दांडा हापसला. आधी तांबडे पाणी आले, मग गढूळ, मग स्वच्छ. तिने आपला रिकामा कॅन बाजूला सरकवला आणि अचिरोचा तोटीखाली ठेवला.

संस्थेचे लोक गेल्या वर्षी निरोप घेऊन गेले. जाताना ओद्वारने माझी काही तपासणी केली नाही. रांगेत उभा राहून तो एक तांब्या पाणी प्यायला आणि निघाला. आता हत्यारांची पेटी अचिरोच्या घरी असते.

मित्रांनो, मी म्हातारा झालो. मला तुमच्याकडे फार काही मागायचे नाही. तुमच्या गावातही एखादा हापसा असेल. तो कुरकुरू लागला तर नुसते पुढे जाऊ नका. थांबा, काय झाले ते पाहा, सैल झालेला नट आवळा. आणि पाण्याला आलेले कोणी मान खाली घालून एकटेच उभे असेल, तर काठी उचलण्याआधी त्याला एक प्रश्न विचारा. कुरकुर ऐकू येते तोवर दुरुस्ती वरच्या वर होते. एकदा सगळे मुके झाले की फार खोलवरून ओढून काढावे लागते, आणि ते एकट्याच्या हातांनी निघत नाही.