सहा सेकंद

नागेंद्रनं मोटारसायकल वेशीबाहेरच्या चिंचेखाली लावली, बॅग उघडली आणि माईकवरचा वाहिनीच्या नावाचा निळा ठोकळा उपसून टॉवेलच्या घडीखाली सारला. एरवी हा ठोकळा तो मिरवत असे. बेळगावच्या मोर्चात, निपाणीच्या सभेत पोलीस त्या ठोकळ्याकडे बघून वाट करून देत. सरकारी टीव्हीवाला आला, म्हणत. आज निंबगाळीत शिरताना मात्र तो ठोकळा कुणाच्या नजरेला पडू नये, असं त्याला वाटत होतं.

सकाळी मच्छे गावातल्या घरातून निघतानाच आईनं बजावलं होतं, "आत्तीकडं जाऊन ये. चार दिस झालं, बायकांत जाईना झालीया ती. फोनवर बी धड बोलंना." का, ते आईला ठाऊक नव्हतं. नागेंद्रला ठाऊक होतं.

गल्लीत प्रत्येक दारापुढं सिमेंटचा छोटा ओटा आणि त्यातून वर आलेला नळ होता. कुठल्या नळावर उद्घाटनाच्या झेंडूची वाळकी माळ अजून लोंबत होती, कुठल्या नळावर लुगडी वाळत होती. आत्तीच्या शेजारच्या जयाबाईनं तर आपल्या नळाला रेडकू बांधलं होतं. ती दारातच उभी होती.

"आलासा व्हय, साहेब?" तिनं विचारलं. कालपरवापर्यंत ती त्याला अरे-तुरे करायची. "बसा की. नळाचं पानी पिऊन जावा. लई ग्वाड हाय म्हनत्यात टीव्हीत."

"काकी, चेष्टा नगो."

"चेष्टा आमी करतोय व्हय? दिसाआड टँकर येत हुता, त्यो बंद झाला. पंचायतीत गेलो, तर तिथला साहेब मोबाईल काढून दावतोय. तुमचीच बाई म्हनतीया, नळ आला, लई बरं झालं. मग टँकर कशाला, म्हनं." जयाबाईनं रेडकाच्या पाठीवर उगीचच एक चापट मारली. "तुझ्या आत्तीला भाच्याचा कॅमेरा बघून काय झालं कुनाला ठाव. आमची घागर गेली मैलभर लांब, मळ्याच्या हिरीवर."

नागेंद्रनं मान खाली घातली आणि पुढं निघाला.

चार दिवसांपूर्वी बेळगावात हिवाळी अधिवेशन चालू होतं आणि सभागृहात नळयोजनेवर प्रश्न निघणार होता. दुपारी दोनला बेंगळुरूहून बातम्यांच्या डेस्कचा फोन आला. संध्याकाळच्या बातमीपत्रात दीड मिनिट आहे, खेड्यातली वयस्कर बाई हवी, समाधानी हवी. तक्रारी काय, विरोधी पक्षवाले सांगतातच. नागेंद्रनं मालुबाईआत्तीला गाठलं, कारण निंबगाळी जवळ होती आणि आत्ती त्याला कशाला नाही म्हणत नसे. परसात तुळशीपाशी तिला एकटीला उभं करून त्यानं माईक धरला. आत्ती मात्र समाधानी निघाली नाही.

आत्ती पाणी नाही म्हणाली तेच पाठवावं, असं त्याच्या मनात आलं नाही, असं नव्हे. पण त्याला डेस्कवरचं हसू आठवलं. मराठी गावची तक्रार नागेंद्रनं आणली की तिकडून कुणीतरी गमतीनं विचारायचंच, "काय, तुमचं सीमेचं परत निघालं का?" सात वर्षं तो ते हसून सोडून देत आला होता. सात वर्षं कंत्राटावर होता, आणि कंत्राट जानेवारीत पुन्हा व्हायचं होतं. त्यानं आत्तीची पहिली दोन वाक्यं ठेवली, बाकीची कापली. सहा सेकंद उरले. पुढं उद्घाटनाच्या दिवशी भसाभसा वाहणाऱ्या नळाचं चित्र जोडलं आणि त्यावर आपल्या आवाजात, स्वच्छ कन्नडमध्ये, गावात आनंदाचं वातावरण असल्याचं सांगितलं. डेस्कनं शाबासकी दिली. ती ऐकताना त्याला बरं वाटलं होतं, याचीच आता त्याला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

मूळ चित्रण अजून बॅगेतल्या कार्डात होतं. ते त्यानं पुसलं नव्हतं आणि पुन्हा बघितलंही नव्हतं.

आत्ती सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. त्याला बघताच ती सूप बाजूला ठेवून उठली, आत गेली आणि काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन आली.

"पी. उन्हातनं आलास."

"तहान न्हाय, आत्ती."

"पी रं. मगाशीच आनलंय. भर दुपारी जाते मी आता, हिरीवर कोन नसतंय तवा."

त्यानं दोन घोट घेतले. आत्ती त्याच्यासमोर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. तिनं त्याला मांडीवर घेऊन कन्नड शाळेची पहिली पाटी गिरवून घेतली होती, स्वतःला अक्षर येत नसताना. संध्याकाळी सातला गल्लीतल्या सगळ्यांना हाक मारून ती म्हणायची, या, आमचा नागू बोलतोय. गेले चार दिवस टीव्हीवर टॉवेल टाकलेला होता.

"माझ्यामुळं तुझं नाव खराब झालं," ती म्हणाली. "भाच्याला खूश कराय बोलली म्हनत्यात."

"तसं न्हाय, आत्ती."

"तसंच. मला बाबा वाटतंय, मी पानी न्हाय म्हटलेलं. रातभर आठवून बघते. टँकरचं बी म्हटल्यागत वाटतंय. पर टीव्हीत न्हाय." ती ओशाळं हसली. "खासगीवाल्यांचं सोड, ते काय बी दावतील. ह्यो सरकारचा टीव्ही, आनि त्यात तू. मग माझंच डोस्कं फिरलं म्हनायचं. वय झालं की तोंडात एक नि मनात एक."

नागेंद्रनं तांब्या खाली ठेवला. आत्ती, तू बोलली होतीस. एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. रोज संध्याकाळी लाखभर लोकांपुढं न अडखळता बोलणाऱ्या माणसाला तेवढे जमेनात. त्याला नेमकं कशाचं भय वाटत होतं, तेही त्याला कळत होतं. नोकरी तर होतीच. पण त्याहून जास्त, ती आता ज्या नजरेनं त्याच्याकडे बघत होती ती नजर जाण्याचं.

"एक काम करशील?" आत्तीनं विचारलं. "परत एकदा घेशील माझं? मी पाठ केलंय. आता न्हाय चुकायची."

त्यानं काही म्हणायच्या आत ती आत गेली आणि चार दिवसांपूर्वीचंच हिरवं लुगडं नेसून आली. मग उंबऱ्यातून तिनं जयाबाईला हाक घातली. जयाबाई आली, तिच्यामागून आणखी पाच-सहा जणी आल्या. कुणी आत्तीशी बोललं नाही. त्या हाताची घडी घालून भिंतीला टेकल्या.

आत्ती या वेळी तुळशीपाशी न जाता दारातल्या नळाशेजारी उभी राहिली. नागेंद्रनं कॅमेरा लावला, माईक पुढं केला. तिनं माईककडे निरखून पाहिलं.

"ते निळं कुठं हाय? नाव लिवलेलं?"

"बॅगेत हाय. नसलं तरी चालतंय."

"कसं चालंल? ते नसलं तर सरकारला कसं कळायचं?"

बायका बघत होत्या. त्यानं बॅगेत हात घालून टॉवेलखालचा ठोकळा काढला आणि माईकवर बसवला.

आत्तीनं डोळे क्षणभर मिटले आणि बोलायला लागली.

"नळ आला दारात. लई बरं झालं. पर पानी कुठं हाय? नारळ फोडला त्या दिशी अर्धा तास आलं, मग चार म्हैनं थेंब न्हाय. टँकर येतोय त्यावर गाव जगतंय, त्यो तेवढा बंद करू नगासा. पाईप दिलासा, लई उपकार झालं, साहेब. आता त्यात पानी तेवढं सोडा."

बायकांच्या हाताच्या घड्या सुटल्या. जयाबाईनं नाकाला पदर लावला.

नागेंद्र कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याकडे बघत राहिला. चार दिवसांपूर्वीच्या बोलण्यातला एकही शब्द इकडचा तिकडं झाला नव्हता. कार्डातलं चित्रण पुन्हा बघायची आता गरज उरली नव्हती; 'साहेब' म्हणण्याआधी तिनं घेतलेला श्वाससुद्धा तोच होता.

"ह्या खेपेला बरोबर बोलले न्हवं?" आत्तीनं विचारलं.

सगळ्या बायका त्याच्याकडे बघायला लागल्या. बॅग पायाशी उघडी पडली होती. त्यातलं जुनं कार्ड काढून कॅमेऱ्यात घालायला आणि त्यांना दाखवायला एक मिनिट पुरलं असतं.

"व्हय, आत्ती," तो म्हणाला. "ह्या खेपेला बरोबर बोललीस."

आत्तीचा चेहरा खुलला. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली आणि ती बायकांकडे वळली.

"बघा," ती म्हणाली, "मागल्या खेपेला माझंच चुकलेलं."

जयाबाई पुढं झाली आणि तिनं आत्तीचा हात धरला. "असू दे गं मालू. हुतंय असं कॅमेऱ्यापुढं," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या.

नागेंद्र खाली बसून माईकची वायर गुंडाळत होता. ती केव्हाच गुंडाळून झाली होती, तरी तो उठला नाही.