बंदराबाहेरची बोट

"पपा, तुम्ही मेल्यावर 'सर' कोण होणार हो?"

हेस्टरने विचारलं आणि टोस्टवर मुरंबा फासायला घेतला, जणू हवापाणीच विचारलं होतं. पैज होती ना! मेव्हिस आणि डल्सी काल शाळेत म्हणाल्या होत्या, "तू काय विचारणार? तू तर त्यांच्यासमोर शिंकतेस तेसुद्धा परवानगी काढून." आता बघा म्हणावं!

सर अँब्रोझ ट्रेनविथ यांनी वर्तमानपत्र खाली केलं. पोरवयात कारकून म्हणून समुद्रापार गेलेला हा माणूस पुढे न्यायाधीश झाला, मग उसाच्या मळ्यांनी भरलेल्या एका अख्ख्या बेटाचा गव्हर्नर. तिथून परतल्यावर राजाने त्यांना वंशपरंपरागत पदवी दिली. बापाची मुलाकडे, मुलाची नातवाकडे. मुलींनी नुसतं बघायचं. हेस्टरला आपलं कुठल्यातरी बावळट चुलतभावाचं नाव ऐकायचं होतं, म्हणजे शाळेत नक्कल करता आली असती.

"कुणी नाही," पपा म्हणाले. "चुलते-बिलते चालत नाहीत. पदवी माझ्याबरोबर संपली."

"मग वंशपरंपरागत दिलीच कशाला? ही तर बिनचाकाची बग्गी झाली!"

ममाने कप बशीत ठेवला.

"लायनेल असता तर," ममा म्हणाली.

हे नाव या घरात कुणी घेत नसे. हेस्टरला ठाऊक होतं ते एवढंच, की ती रांगत होती तेव्हा थोरला भाऊ तापाने गेला.

"आयडा, नको."

"का नको? पदवी कशाबद्दल मिळाली ते सांगा की लेकीला."

"रोगापासून बेट वाचवलं म्हणून," पपा भिंतीकडे बघत म्हणाले.

मग ममानेच सांगितलं. लायनेल इथल्या शाळेतून सुट्टीला त्यांच्याकडे निघाला होता. वाटेतल्या बंदरात मळ्यांसाठी मजूर चढले, बायकापोरांसकट. बोटीत देवीची साथ लागली. गव्हर्नरांनी हुकूम काढला, बोट बंदराबाहेरच उभी राहील, कुणीही उतरणार नाही.

"व्हरांड्यातून दुर्बीण लावली की कठड्याशी दिसायचा गं. हात हलवायचा. मग एक दिवस दिसेनासा झाला."

"त्याला एकट्याला उतरवून घेतलं असतं तर लोकांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं," पपा म्हणाले.

"एकट्यासाठी मी कुठे रडत होते? डॉक्टर म्हणत होता, धडधाकट आहेत तेवढ्यांना समोरच्या ओसाड बेटावर तंबूत ठेवू. सगळ्यांना! पोरंबाळं वाचली असती. तुम्ही म्हणालात, बोभाटा झाला तर साखर न्यायला बोटी फिरकणार नाहीत."

पपांनी वर्तमानपत्राची घडी घातली, मोडली, परत घातली.

"दुर्बीण माझ्याकडेही होती, आयडा," ते म्हणाले.

हेस्टरने टोस्ट बशीत ठेवून दिला. पैज तर ती जिंकली होती, पण मेव्हिसला आता यातलं काय सांगणार, कपाळ? तिच्या डोळ्यांसमोर एक मुलगा हात हलवत होता, आणि त्याच्या शेजारी कठड्याला टेकलेली कितीतरी अनोळखी पोरं. त्यांना बघायला तर किनाऱ्यावर कुणी दुर्बीणसुद्धा लावली नसेल.

ती उठली. आवाज खणखणीत निघाला.

"पपा, उद्या सकाळच्या घरच्या प्रार्थनेत तुम्ही रोजच्यासारखं राजाचं नाव घ्याल, मग आत्याच्या गुडघेदुखीसाठी तिचंही घ्याल. त्यानंतर मी लायनेलचं घेणार आहे. मोठ्याने, सगळ्या नोकरमाणसांसमोर. आणि ममा, त्या बोटीवरच्या आणखी कुणाची नावं तुला माहीत असतील तर आज सांगून ठेव. तीही मी घेणार आहे."