गाडी कुठे उभी करायची?

शाळा संपली, कॉलेजचे विषय निवडायची वेळ आली आणि तुमच्याआमच्या घरात होतो तोच वाद एका घरात सुरू झाला. मुलीला गणित घ्यायचं होतं आणि बाबांना ते बिलकूल मान्य नव्हतं.

"गणित शिकून करणार काय? दुसऱ्यांच्या पोरांना गणित शिकवणार! आणि ती पोरं मोठी होऊन काय करणार? तेच!"

बोलणं थट्टेचं होतं, पण मनातून ते ठाम होते. ते सरकारी दवाखान्यात अ‍ॅम्ब्युलन्स चालवायचे. लेकीने नर्स व्हावं, चार माणसांच्या कामी यावं, एवढीच त्यांची इच्छा. लेकीला घरात सगळे चिमणी म्हणत. चिमणी हिरमुसली आणि आतल्या खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाबा कामावरून आले ते तोंड पाडूनच. चहा समोर निवत राहिला. नदीपलीकडच्या वस्तीतून फोन आला होता, एका शिंप्याच्या छातीत कळ आली म्हणून. बाबांनी गाडी पिटाळली, पण पूल तुंबलेला. पोहोचले तोवर सगळं संपलं होतं.

"त्याची बायको दारातच उभी होती," ते म्हणाले. "मला म्हणाली, एवढा का हो वेळ लावलात? काय सांगणार होतो मी तिला?"

आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. चिमणीने जरा थांबून विचारलं, "बाबा, सगळ्या गाड्या दवाखान्यातच का उभ्या असतात?"

"मग कुठे उभ्या करायच्या? पहिल्यापासून तिथेच असतात."

"पण आजारी माणसं तर गावभर असतात ना!"

बाबा चहा तसाच ठेवून उठले. पण तो प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना. शेवटी ते लेकीला घेऊन दवाखान्याच्या नियंत्रण कक्षात गेले. आलेले फोन घेऊन गाड्या पाठवायचं काम तिथून चाले. तिथल्या प्रमुख बाईंनी चिमणीचं म्हणणं कान देऊन ऐकलं. कोणत्या भागातून किती फोन येतात, ती माहिती रुग्णांची नावं वगळून तिला दिली आणि म्हणाल्या, "बघ, काय निघतंय ते."

चिमणी झपाटल्यासारखी कामाला लागली. जेवणाच्या टेबलावर शहराचा नकाशा पसरला. कोणत्या जागी गाडी ठेवली तर सगळ्यांची मिळून वाट बघण्याचा वेळ सर्वांत कमी होईल, याचा ती हिशोब मांडू लागली. जास्त फोन येणाऱ्या भागाला जास्त वजन. अखेर एक जागा सापडली. तिने ऐटीत बाबांना दाखवली.

बाबा खो खो हसले. "अगं, हा उड्डाणपूल! इथून खाली उतरायला रस्ताच नाही. तू चिमणी आहेस खरी, पण माझ्या गाडीला पंख नाहीत!"

चिमणीचा चेहरा पडला. मग एकदम उजळला. "म्हणजे अंतर धरून चालणार नाही. वेळ धरायला हवा! बाबा, कुठून कुठे जायला किती वेळ लागतो, सांगाल?"

बाबा खुर्ची ओढून बसले. सकाळी कुठे गर्दी असते, कारखाना सुटल्यावर कोणता रस्ता टाळायचा, एकेक सांगत गेले. सांगता सांगता रंगले. या वेळी नवीच जागा निघाली: नदीपलीकडे, पाण्याच्या टाकीशेजारचं मोकळं आवार. एक गाडी दिवसभर तिथे ठेवायची.

दवाखान्याच्या बैठकीत मोठे डॉक्टर साशंक होते. "कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या आकडेमोडीवर गाड्या हलवायच्या?"

"मी स्वतः आकडे तपासलेत," प्रमुख बाई म्हणाल्या. "डॉक्टर, मी गणिताचीच पदवीधर. औषधाचा डोस ठरतो गणितानेच, उद्याच्या हवामानाचा अंदाज निघतो गणिताने. चौकातला सिग्नल किती वेळ लाल ठेवायचा, हेही कुणीतरी हिशोब करून ठरवलेलं असतं. या प्रत्येक कामावर माणसं नोकरी करतात, घरं चालवतात. आपण ते बघत नाही, एवढंच. महिनाभर करून तरी पाहू!"

परवानगी मिळाली. टाकीशेजारच्या गाडीवर बाबांनी आपणहून काम मागून घेतलं.

आणि एका दुपारी फोन आला. त्याच वस्तीत, बेकरीत काम करणारी एक बाई भट्टीपुढे कोसळली होती. पूल नेहमीसारखाच तुंबलेला होता, पण बाबांची गाडी आता पुलाच्या पलीकडेच होती! सोबतच्या नर्सने पोहोचताक्षणी उपचार सुरू केले. बंद पडलेलं हृदय पुन्हा चालू झालं. परतताना पुलावर वेळ गेला, पण गाडीत उपचार चालूच होते आणि दवाखाना गाठेपर्यंत त्या बाईने डोळे उघडले होते. डॉक्टर म्हणाले, "आणखी थोडा उशीर झाला असता, तर हातात काही उरलं नसतं."

बाबांनी तिथूनच घरी फोन लावला. "चिमणे, वाचली गं बाई! वाचली! तुझ्या गणिताने वाचली!" इकडे चिमणी हसत होती, रडत होती आणि आईला घट्ट धरून नाचत होती.

चिमणीने गणितच घेतलं. आज ती अनेक शहरांच्या अ‍ॅम्ब्युलन्स आणि अग्निशामक गाड्यांचं नियोजन करते. तिच्या वर्गातली एक मैत्रीण हवामान खात्यात आहे, दुसरी नवी औषधं खरोखर गुण देतात का, ते आकड्यांवरून तपासते. मध्यंतरी कॉलेजने पालकांसमोर बोलायला बाबांना बोलावलं. ते म्हणाले, "मी गाडी चालवतो. ती कुठे उभी असावी, हे माझ्या लेकीने शोधलं. आम्हा दोघांतलं एक जरी नसतं, तर ती बाई आज नसती. लेकीने माणसांच्या कामी यावं असं मला वाटायचं. ती आलीच की!" सभागृह टाळ्यांनी दणाणून गेलं.

मंडळी, गणित फळ्यावर सुरू होतं, पण तिथे संपत नाही. ते रस्त्यावर, दवाखान्यात, आपल्या जगण्यात उतरतं. आपल्या मुलामुलींना ते आवडत असेल, तर "याचा उपयोग काय?" असं जरूर विचारा. मात्र विचारून झालं की उत्तर ऐकायला थांबा!