एक्केचाळीस नंबरची बाटली

“आत न्यायची नाही. इथेच वाच, पाठ कर आणि फाडून टाक,” असं म्हणत तपासणी विभागातल्या सगळ्यांत जुन्या, मोठ्या ताईंनी चार घड्या घातलेली चिठ्ठी तिच्या मुठीत कोंबली आणि केसांवर टोपी चढवत त्या निघूनही गेल्या.

तिने मूठ उघडली नाही. आधी दाराकडे पाहिलं, मग कपड्यांच्या कपाटांकडे, मग पुन्हा दाराकडे. फुकट मिळालेली वस्तू आधी लांबून न्याहाळायची, हा तिचा जन्माचा स्वभाव. चिठ्ठीत काय असणार ते तिला कळलं होतं. का दिली, ते कळत नव्हतं.

कारखाना इंजेक्शनच्या औषधांचा. अकरा वर्षं ती पॅकिंगमध्ये उभी होती. खोक्यात बाटली, बाटलीभोवती घडीचा कागद, झाकण बंद, पुढचं खोकं. तीन महिन्यांपूर्वी तिला तपासणीच्या खोलीत शिकायला घेतलं आणि आज तिची परीक्षा होती. साठ बाटल्यांचा एक ठरलेला संच होता. बोटभर उंचीच्या, पाण्यासारख्या औषधाने भरलेल्या, बुडाला नंबर चिकटवलेल्या. त्यातल्या काही मुद्दाम खराब ठेवलेल्या. कशात काचेचा कण, कशात धागा, कशाला मानेपाशी बारीक तडा. त्या शोधायच्या. जमलं तर तपासणीतली खुर्ची कायमची, नाही तर सोमवारपासून पुन्हा पॅकिंग.

हा संच सहा वर्षांपूर्वी खुद्द मोठ्या ताईंनी तयार केला होता. त्यामुळे चिठ्ठीतले नंबर बरोबर असायला हवे होते. पण ताईंच्या बहिणीची मुलगीही पॅकिंगमध्येच होती आणि याच खुर्चीसाठी तिचा अर्ज पडला होता. आज ही नापास झाली तर पुढचा नंबर त्या भाचीचा. मग चिठ्ठीत खरे नंबर असतील कशावरून?

तिने चिठ्ठी न उघडताच जेवणाच्या डब्याच्या झाकणात ठेवली, झाकण लावलं, ओढून पाहिलं, परत एकदा ओढून पाहिलं आणि हात धुवायला गेली.

पॅकिंगमधल्या बायका तिला शंकासुर म्हणत. घरीही निराळी तऱ्हा नव्हती. गॅसचं बटण तीनदा बघितल्याशिवाय तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे, आणि कुलूप ओढून ओढून तिने दोन कड्या सैल केल्या होत्या. दूध नासलंय का ते बघता बघता ही ते नासवेल, असं सासूबाई म्हणायच्या. नवरा शाळेची बस चालवायचा. तो चारचौघांत सांगे की हिने लग्नाच्या दिवशीसुद्धा माझं नाव दोनदा विचारून घेतलं. लोक हसत, तीही हसे. हसण्यावाचून दुसरं काय करणार? गॅस बंदच असायचा, कुलूप लागलेलंच असायचं, दूध चांगलंच असायचं. नव्व्याण्णव शंका खोट्या निघाल्या की शंभराव्या वेळी माणूस तोंड उघडत नाही. गेली कित्येक वर्षं तिने कुणापुढे “मला वाटतं” असं म्हणून वाक्य सुरू केलं नव्हतं.

तपासणीच्या खोलीत पहिल्या आठवड्यात मात्र एक नवल घडलं. तिथे टेबलावर एक दिवा आणि त्याच्या मागे अर्धी काळी, अर्धी पांढरी पाटी होती. बाटली मानेला धरायची, हलकी फिरवायची, उलटी करून सुलटी करायची. पाच सेकंद काळ्यासमोर, पाच सेकंद पांढऱ्यासमोर. काळ्यावर काच चमकते, पांढऱ्यावर मळ दिसतो. मोठ्या ताई शेजारी बसून बोटाच्या पेराने टेबलावर ठोके देत: एक, दोन, तीन, चार, पाच. “बुडबुडा वर जातो, कचरा खाली येतो,” त्या म्हणाल्या होत्या. “एवढं कळलं की बाकी सगळं पुस्तकात आहे.”

घरच्या शंकेला तळच नसायचा. तीनदा बघूनही चौथ्यांदा मन खात राहायचं. इथे शंका आली की बाटली फिरवायची, आणि पाच ठोक्यांत उत्तर समोर असायचं. आहे किंवा नाही. उत्तर मिळालं की तिचं मन, नवल म्हणजे, गप्प व्हायचं. महिनाभरात तिच्या लक्षात आलं की संध्याकाळी ती घरी जाते तेव्हा डोकं हलकं असतं. ही गोष्टही तिने कुणाला सांगितली नाही. सांगितलं की जातं, असं तिला वाटायचं.

तीन महिन्यांत तिने ताईंवरही नजर ठेवली होती, स्वभावाला औषध नाही. ताईंनी दिव्याची तक्रार करून तो दोनदा बदलून घेतला होता. बाटली परत ठेवताना त्या आधी बोटाने ट्रेमधली खाच चाचपायच्या. सव्वीस वर्षांची सवय असेल, असं तिने तेव्हा स्वतःला सांगितलं होतं, पण गोष्ट डोक्यात राहिली होती.

परीक्षेला गुणवत्ता विभागाचे साहेब समोर बसले. वयाने तिच्या धाकट्या भावाएवढे, बोलायला सभ्य, आणि प्रत्येक वाक्यात एकदा तरी “नियमाप्रमाणे” म्हणणारे. त्यांनी घड्याळ लावलं.

नऊ नंबरमध्ये धागा. बारामध्ये काच. सतराच्या मानेला तडा. हात चालू लागले तशी साहेबांची नजर तिला जाणवेनाशी झाली. एक्केचाळीस नंबर तिने फिरवला, काळ्यासमोर धरला, काही नाही. ठेवायला हात खाली नेला आणि तळाच्या गोलाईपाशी काहीतरी लुकलुकल्यासारखं झालं. तिने ती पुन्हा उचलली. या वेळी दोनदा उलटी केली. अगदी पातळ, कांद्याच्या पापुद्र्याचा तुकडा असावा तसं काहीतरी गिरक्या घेत चमकलं, विझलं, चमकलं आणि खाली बसलं. वर गेलं नाही. तिने बाटली खराब बाजूला ठेवली.

साहेबांनी तिचा कागद त्यांच्याजवळच्या उत्तराच्या कागदाशी ताडून पाहिला आणि ते चक्क हसले. अकरा खराब बाटल्या होत्या, अकराही तिने पकडल्या होत्या. फक्त एक चांगली बाटली खराब म्हणून काढली होती, एक्केचाळीस नंबर. नियमाप्रमाणे अशी एक चूक चालते, ते म्हणाले. चूक मान्य आहे असं लिहून सही करायची, की झालं. अभिनंदन. चहा पिऊन या, मग सही करा.

ती कपडे बदलायच्या खोलीत गेली आणि बाकावर बसली. पास. एक सही, आणि अकरा वर्षांचं उभं राहणं संपलं. तिने डबा उघडला, चिठ्ठी काढली, घड्या सोडवल्या.

अकरा नंबर होते. नऊ, बारा, सतरा, आणि पुढचे सगळे. एकही खोटा नव्हता. ताईंनी तिला फसवलं नव्हतं. तिनेच ताईंच्या मायेत काळंबेरं शोधलं होतं. तिला ओशाळल्यासारखं झालं. शंभरावी शंकाही खोटी, नेहमीसारखीच. मग एक्केचाळीसचं काय? सहा वर्षांत दरवर्षी या खोलीतल्या सगळ्यांनी हीच परीक्षा दिली होती, आणि कुणालाही ती बाटली खराब दिसली नव्हती.

चिठ्ठीच्या घड्या झिजल्या होत्या, अक्षरांवर तेलकट बोटांचे डाग होते. तिने ती उजेडात धरली आणि बघत राहिली. ही आज लिहिलेली चिठ्ठी नव्हती. वर्षानुवर्षं हातोहात फिरली होती. दिसली नव्हती कुणाला, असं कसं म्हणायचं? बघितली होती का कुणी?

ती परत गेली तेव्हा साहेबांच्या टेबलावर पेन उघडं ठेवलेलं होतं. तिने ते उचललं आणि परत ठेवलं.

“ती बाटली खराब आहे,” ती म्हणाली.

साहेबांना वाटलं, तिला नियम कळला नाही. त्यांनी पुन्हा समजावलं. ही चूक मोजली जात नाही, तुम्ही पास आहात. तिने विचारलं की मान्य नाही असं लिहिलं तर? तर निकाल थांबेल, ते म्हणाले, बाटली फोडून तपासावी लागेल, संच बाद होईल, सगळ्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल. आणि फोडल्यावर आत काहीच निघालं नाही, तर एवढा संच वाया घालवणाऱ्या माणसाला पुढच्या वर्षी तरी ते इथे कसे बसवतील?

“बाई, तुम्हाला खात्री आहे?”

हा प्रश्न आयुष्यात कुणी तिला सरळ विचारला नव्हता. विचारला तो हसण्यासाठी. तिने बाटली उचलली, दोनदा उलटी केली, काळ्यासमोर धरली. चमकलं, विझलं, खाली बसलं.

“हो. मला दिसतंय.”

साहेबांनी वाकून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. त्यांना दिसेना. संच ज्यांनी केला त्यांनाच बोलवू, असं म्हणून त्यांनी मोठ्या ताईंना हाक मारली.

ताई आल्या, खुर्चीत बसल्या. बाटली हातात घेतली तेव्हा मनगट अगदी पूर्वीसारखं, लोणी काढल्यासारखं मऊ फिरलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “कुठे गं?”

तिने बोट पुढे केलं. बाटलीला न लावता, कणाच्या मागोमाग. ताईंनी तीनदा बाटली फिरवली, तीनदा तिचं बोट वरून खाली आलं. आणि तिसऱ्या वेळी, स्वभावच तो, तिने बाटलीऐवजी ताईंच्या डोळ्यांकडे पाहिलं. कण खाली बसला होता. ताई अजून वरच बघत होत्या.

“आहे,” ताई साहेबांना म्हणाल्या. “काच आहे. फोडा.”

साहेब बाटली घेऊन सूक्ष्मदर्शकाच्या खोलीकडे गेले. अर्धा तास तरी लागणार होता. दोघी त्या छोट्या खोलीत उरल्या. शेजारच्या टेबलावर ताईंनी सकाळी तपासलेले चार ट्रे होते, प्रत्येकावर त्यांच्या सहीची पट्टी. पलीकडे यंत्राची घरघर चालू होती.

“चिठ्ठी वाचली नाहीस ना?” ताई म्हणाल्या.

“नंतर वाचली.”

“मला ठाऊकच होतं. तुला वाटलं असणार, भाचीसाठी काहीतरी करतेय मी.”

ताई हसल्या. मग हसू तसंच ओसरून गेलं.

“तो कण खाली आला तेव्हा मी कुठे बघत होते, ते तू पाहिलंस.”

“हो.”

“मग साहेबांसमोर बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलताय का, ते बघत होते.”

ताईंनी मान हलवली, हिशेब पटल्यासारखी. मग त्यांनी सांगितलं. त्यांनी बाटली पाहिलीच नव्हती, डोळ्यांच्या कडेने तिचं बोट पाहिलं होतं. बुडबुडा असता तर बोट वर सरकलं असतं. भास असता तर तीनदा एकाच वाटेने खाली आलं नसतं. डोळ्यांत वर्षभरापासून मधोमध धुकं असायचं. आधी वाटलं दिवा जुना झालाय, म्हणून बदलून घेतला. नव्या दिव्यातही तसंच दिसलं, म्हणून तोही बदलला. वर्षाची परीक्षा आली तेव्हा नंबर पाठच होते, त्यांनीच तर ठरवले होते. चिठ्ठी पहिल्यांदा लिहिली ती एका घाबरणाऱ्या पोरीसाठी. मग ती फिरत राहिली, आणि सगळेच पाठ केलेले नंबर लिहू लागल्यावर त्यांचं न दिसणंही त्यातच झाकलं गेलं.

“दोन महिने राहिलेत माझे,” त्या म्हणाल्या. “वाटलं, निघून जातील.”

तिने चार ट्रेंकडे पाहिलं. ताईंनीही पाहिलं. तिने विचारण्याची गरज उरली नव्हती.

साहेब परतले ते जरा घाईने. औषध गाळून घेतलं त्या कागदावर काचेचे पापुद्रे सापडले होते, एक नाही, सात-आठ. संच करताना ती बाटली चांगलीच होती, त्यांनी सांगितलं. वर्षानुवर्षं द्रव आत राहिला की कधीकधी काचच आतून सुटायला लागते. सहा वर्षांपूर्वीचं उत्तर सहा वर्षांपूर्वी बरोबर होतं. एवढं बोलून ते थांबले, त्यांच्या मनात पुढचा प्रश्न उभा राहिला असावा, कारण त्यांनी उत्तराचा कागद उलटा करून त्यावरच्या आधीच्या परीक्षांच्या सह्या आणि गुण वाचायला सुरुवात केली. दरवर्षी सगळे जण साठपैकी साठ.

“त्याचं मी सांगते,” मोठ्या ताई म्हणाल्या. “पण आधी हिच्या कागदावर सही करा. मग आम्हाला काम आहे.”

साहेबांनी एकदा ताईंकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. तिने “मान्य नाही” असं लिहून कागद पुढे सरकवला. त्यांनी खाली सही केली.

ताई उठल्या. चारही ट्रेंवरच्या आपल्या सहीच्या पट्ट्या त्यांनी एकेक करून काढल्या, कडा न फाटू देता, आणि साहेबांच्या हातात दिल्या. मग दिव्यासमोरची आपली खुर्ची मागे ओढून त्या शेजारच्या स्टुलावर बसल्या.

ती त्या खुर्चीत बसली; खुर्ची ताईंच्या मापाची, उंच होती. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तिने ट्रेमधली पहिली बाटली उचलली, मानेला धरून हलकी फिरवली, उलटी केली, सुलटी केली आणि काळ्यासमोर धरली.

शेजारी ताईंनी डोळे मिटले आणि बोटाच्या पेराने टेबलावर ठोके द्यायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. चार. पाच.