पडद्यावरचं छप्पर

“आता छप्पर काढते हं, घाबरू नका,” सेबू शहरातून आलेली जेझ्रील म्हणाली आणि तिनं कळ दाबली. पडद्यावरचं चर्चचं छप्पर अलगद उचललं गेलं, आत लख्ख ऊन पडलं. हॉलमध्ये जमलेल्या गावानं ‘हाऽऽ’ केलं.

“नोंग पिस्तो, बघा, गळती सापडते का!” मागून कुणीतरी ओरडलं.

“तुझ्या डोक्यातली बुजव आधी,” पिस्तो म्हणाला. हशा पिकला. चर्चची घंटा वाजवण्यात, कुलपं लावण्यात आणि गळत्या छपराखाली बादल्या सरकवण्यात या माणसाचा जन्म गेला होता. गावाचा ‘नोंग’, म्हणजे थोरला दादा, म्हणून पहिल्या रांगेतली खुर्ची त्याच्या हक्काची होती.

जुनं चर्च कसं उभं राहिलं, ते जेझ्रील हलत्या चित्रांतून उलगडत होती. गेल्या मेमधल्या फिएस्ताच्या जत्रेनंतर तिच्या माणसांनी यंत्र लावून आतला कोपरा न् कोपरा टिपला होता. त्या दिवशी सगळ्यांना बाहेर काढून ‘आत मुंगीसुद्धा नाही’ असं पिस्तोनंच छातीठोकपणे सांगितलं होतं.

चित्र बाजूच्या वेदीकडे वळलं. तिथं, सान पेरेग्रीनोच्या पायाशी, कुणीतरी गुडघे टेकून बसलं होतं. करड्या ठिपक्यांचं, बिनचेहऱ्याचं. डावा खांदा उतरलेला. चपला काढून भिंतीला उभ्या टेकवलेल्या.

“अगं बाई, सेरिंग!” म्हातारी नांग इदिंग किंचाळली आणि तिनं छातीवर क्रुसाची खूण केली.

पिस्तो खुर्चीतून पुढे झुकला. सेरिंग त्याची बायको. याच वर्षी, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात गेलेली. चर्चच्या मागच्या दाराची किल्ली त्याच्या घरात खिळ्यालाच असायची. पण ते राहू दे. सान पेरेग्रीनोपुढे गावातले लोक एकाच दुखण्यासाठी गुडघे टेकतात, कॅन्सरसाठी. आणि ‘गाठ आहे म्हणे, कालच कळलं,’ असं तिनं त्याला सांगितलं होतं नाताळात. म्हणजे मेपासून तिला ठाऊक होतं! भात शिजवत होती, त्याच्या कोंबड्यांवरून भांडत होती, आणि एवढं मोठं दुखणं पोटात घेऊन एकटी इथं येत होती. त्याला तिचा भयंकर राग आला आणि रडूही आलं.

“माफ करा हं,” जेझ्रील गडबडली. “हलतं ते यंत्रात पुसट होतं, स्तब्ध असेल ते राहतं. पुढे जाऊ या.” तिनं घाईनं कळ दाबली.

प्रवाळाच्या दगडांच्या भिंती उडाल्या. खांब गेले, वेदी गेली, संतही गेला. उरली ती उघडी जमीन, चित्रातलं दुपारचं ऊन आणि तशीच गुडघे टेकून बसलेली सेरिंग.

“हिला चर्चचा भाग म्हणून धरलेलं नाही ना, म्हणून राहिली,” जेझ्रील हळूच म्हणाली. “पुसून टाकते, नोंग. लगेच होईल.”

पिस्तो खुर्चीला धरून उठला.

“पुसायचं मग बघू, दाय, पोरी. आधी छप्पर घाल. उन्हात बसलीये ती.”

जेझ्रीलनं कळ दाबली. खांब आले, भिंती आल्या, सगळ्यात शेवटी छप्पर. ते नीट बसेपर्यंत पिस्तो उभाच राहिला.